तीन वाजून किती मिनिटे?

२७ सप्टेंबर २०१४ हा विधानसभा निवडणुकीचे उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. मुदत दुपारी ३ पर्यंत. जालन्यातून पुढे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. खोतकरांचे अर्ज ३ वाजून गेल्यावर दाखल झाले, असे गोरंट्याल यांचे म्हणणे होते. साक्षीला होते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ कॅमेरे. ते चित्रीकरण सीडीवर उतरवून कोर्टात आले.

आणि तिथेच गाडी अडली. सीडी ही मूळ वस्तू नव्हे, नक्कल. तेव्हा लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम ६५ब प्रमाणे अशा नकलेसोबत लेखी प्रमाणपत्र लागे: ती कोणत्या यंत्रावरून, कशी तयार झाली, ते यंत्र नीट चालत होते का. कोर्टाने सांगूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची तोंडी साक्ष पुरेशी मानून २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही; मात्र गोरंट्याल यांनी ते मिळवण्यासाठी हातात होते ते सगळे केले होते, म्हणून या प्रकरणापुरता उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

डिजिटल फोरेन्सिक्समध्ये, म्हणजे संगणक-मोबाइलमधला पुरावा शोधून तपासण्याच्या शास्त्रात, पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे मनात असलेल्या प्रत्येकाने आधी हा निकाल वाचावा, असे मला मनापासून वाटते. या विषयाकडे मुले येतात ती पुसलेले परत मिळवण्याच्या ओढीने. ती ओढ चांगलीच आहे. पण मिळालेली गोष्ट जशी होती तशीच आहे हे परक्या, संशयी माणसाला पटवणे हे या शास्त्राचे खरे काम, आणि ते जास्त अवघड आहे.

पुसलेले परत मिळते ते कसे? हार्ड डिस्कवरची फाइल आपण डिलीट करतो तेव्हा फक्त तिची नोंद कमी होते. सातबाऱ्यावरून नाव काढले म्हणून शेत जागचे हलत नाही, तसेच. उभे पीक तिथेच असते. फक्त आता ही जमीन दुसऱ्याला द्यायला मोकळी आहे, असे संगणक धरून चालतो. नवी पेरणी झाली की जुने जाते. पण पुरते जातेच असे नाही. विंडोजमध्ये जागेचे वाटप बहुधा ४,०९६ बाइटच्या तुकड्यांनी होते. ५,००० बाइटची नवी फाइल आली तर तिला दोन तुकडे मिळतात आणि दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी सुमारे ३,००० बाइट जुन्याच मजकुराचे राहू शकतात. बांधाकडेला मागच्या पिकाची धसकटे राहावीत तसे. त्या धसकटांत कधी एखाद्या पत्राची अर्धी ओळ असते, कधी बँकेचा खाते क्रमांक.

नोंदच उरली नसेल तर फाइल तिच्या खुणेवरून हुडकतात. जेपेग छायाचित्राची सुरुवात ठरावीक बाइटनी होते आणि शेवटही ठरावीक. अख्खी डिस्क चाळत ही दोन टोके शोधायची आणि मधला भाग उचलायचा. मात्र एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, हे फारसे साधत नाही. तिथे नोंद निघाली की यंत्रणा ती जागा स्वतःहून साफ करायला घेते; नाव काढले की पाठोपाठ नांगर. आजच्या मोबाइलमध्ये तर मजकूर कुलूपबंदच (एन्क्रिप्ट केलेला) असतो आणि फाइलसोबत तिची किल्लीही नष्ट होऊ शकते.

पण यातले काहीही मूळ डिस्कवर करायचे नसते. जप्त केलेला संगणक नुसता सुरू केला तरी विंडोज कितीतरी फाइलींना हात लावते, त्यांच्या तारखा बदलतात. म्हणून डिस्क बाहेर काढून राइट ब्लॉकरला जोडतात. हे उपकरण वाचू देते, लिहू देत नाही. त्यातून डिस्कची बिट अन् बिट नक्कल, म्हणजे इमेज, घेतात. मग मूळ डिस्कची आणि इमेजची हॅश व्हॅल्यू काढतात. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठा मजकूर घेऊन त्याचे ६४ चिन्हांचे एक सार काढते. मजकुरात एक स्वल्पविराम बदला, सार ओळखू येणार नाही इतके बदलते. संभाव्य सारांची संख्या ७८ अंकी आहे. दोन वेगळ्या डिस्कांचे सार योगायोगाने जुळेल ही भीती बाळगायचे कारण नाही. पंचनाम्यात लाखेचे सील जे काम करते, ते इथे हे गणित करते. मात्र सील ज्या क्षणी लागले त्या क्षणापासूनच ते बोलते. त्याआधी काय झाले ते हॅश सांगू शकत नाही, म्हणून मुद्देमाल कोणी, कधी, कोणाकडे दिला याची नोंद हवीच.

आता पुन्हा जालन्याच्या घड्याळाकडे येऊ, कारण नवशिक्याची सर्वांत मोठी चूक वेळेतच होते. संगणक वेळ आपल्यासारखी लिहीत नाही. युनिक्स घराण्यातल्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. क्रोम ब्राउझरचा इतिहास १ जानेवारी १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद. शिवाय या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपण तिच्या साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे. १५ ऑगस्टच्या पहाटे २ वाजून १० मिनिटांनी पाठवलेला संदेश नोंदीत १४ ऑगस्ट, रात्री ८:४० असा दिसतो. हे विसरून अहवाल लिहिला, तर त्या रात्री कामावर असलेला माणूस घरी होता असे ठरेल. सीसीटीव्हीचे तर घड्याळच पुढे-मागे असते, म्हणून डीव्हीआरला, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राला, हात लावण्याआधी त्याची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहून ठेवायचा असतो.

हे सारे शिकण्याची सोय आता दूर नाही. २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ झालेल्या गांधीनगरच्या न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात डिजिटल फोरेन्सिक्सचे एमएस्सी आहे, गोव्यात त्याचे संकुलही आहे. मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेने डिजिटल व सायबर फोरेन्सिक्स आणि संबंधित कायदा यांची पदव्युत्तर पदविका सुरू केली. तिच्या नावातला ‘कायदा’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. संगणकाकडून आलेली मुले नेमका तोच पेपर परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकलतात.

माणसांची गरजही कायद्यानेच वाढवली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचा ठरलेला नमुना आहे: भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हीकडे हॅश व्हॅल्यू आणि ती काढण्याची पद्धत नोंदवायची. पर्यायांत एसएचए-२५६ सोबत एमडी५ आणि एसएचए-१ या सार काढण्याच्या जुन्या पद्धती अजून आहेत. एमडी५ची फसवी जोडी २००४ मध्ये आणि एसएचए-१ची २०१७ मध्ये बनवून दाखवली गेली आहे. दोन वेगळ्या फाइली, सार एकच. ते पर्याय गाळायला हवे होते. तोवर निदान शिकलेल्या माणसाने तिथे खूण करू नये.

त्या नमुन्यात सहीपाशी तारीख, ठिकाण आणि वेळ विचारली आहे. वेळ भारतीय प्रमाणवेळेत, २४ तासांच्या पद्धतीने.