रिकाम्या समुपदेशकाचं गणित

आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनसाठी सरकारी निधीचा किंवा देणगीचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो: "तिथली माणसं अर्धा वेळ नुसती बसून असतात, मग आणखी माणसं कशाला?" आक्षेप घेणारे निर्दय नसतात, हिशेबाला पक्के असतात इतकंच. पण हा हिशेब चुकतो. तो कुठे चुकतो, हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एका गणितज्ञानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलंय.

त्याआधी वेळेबद्दल थोडं. ज्याला जीव द्यायचाच आहे तो आज ना उद्या देणारच, असं आपण सहज बोलून जातो. रिचर्ड सायडन या अमेरिकी संशोधकानं १९७८ साली हे तपासलं. १९३७ ते १९७१ या काळात एका पुलावर आत्महत्येच्या प्रयत्नात अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं, याचा त्यानं माग काढला. त्यातले सुमारे ९४ टक्के एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणानं गेले होते. ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात (२००९) प्रयत्नानंतर उपचारांसाठी आलेल्या ८२ जणांना विचारलं होतं, की त्या वेळी विचार मनात आल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला? जवळपास निम्म्यांनी सांगितलं, दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. दुःख वर्षानुवर्षांचं असेल, पण टोकाची लाट बहुतेकदा ओसरते. तेवढा वेळ निभावून नेणं हे हेल्पलाइनचं काम. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा.

आता तो गणितज्ञ. आग्नर क्रारुप अर्लांग त्याचं नाव. किती लाइन आणि किती ऑपरेटर ठेवले म्हणजे ग्राहकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. १९०९ आणि १९१७ च्या त्याच्या निबंधांतून रांगांचं शास्त्र जन्माला आलं. टेलिफोनच्या भाराचं एकक आज त्याच्याच नावानं ओळखलं जातं.

एक काल्पनिक हेल्पलाइन घेऊ. तासाला सरासरी १२ कॉल येतात, प्रत्येक कॉल सरासरी २० मिनिटं चालतो. म्हणजे तासाला २४० मिनिटांचं काम, अर्थात चार माणसांचा पूर्ण तास. अर्लांगच्या भाषेत भार ४. मग चार समुपदेशक बसवले की झालं? नाही. चार जणांत ही रांग कधीच आटोक्यात येत नाही, वाढतच जाते. पाच जण बसवले तर फोन करणाऱ्याला सरासरी ११ मिनिटं थांबावं लागतं. सहा जण असतील तर तीन मिनिटांच्या आत फोन उचलला जातो. सात असतील तर ५४ सेकंद, आठ असतील तर १८.

असं का होतं, यातच सगळी गंमत आहे. तासाला १२ कॉल म्हणजे दर पाच मिनिटांनी एक, असं कधी होत नाही. फोन करणारे एकमेकांना विचारून फोन करत नाहीत. पाव तास एकही घंटा वाजत नाही आणि मग चार कॉल एकदम येतात. आधीच्या पाव तासात मोकळी गेलेली मिनिटं साठवून त्या चौघांसाठी वापरता येत नाहीत, पण साचलेली रांग मात्र पुढच्या तासाच्या डोक्यावर बसते. सूत्रात हे असं दिसतं: सरासरी प्रतीक्षा = थांबावं लागण्याची शक्यता × कॉलची लांबी ÷ (माणसं − भार). कंसातल्या वजाबाकीकडे बघा. पाच वजा चार, एक. सहा वजा चार, दोन. माणसं भाराच्या जितकी जवळ, तितका भाजक शून्याकडे सरकतो आणि उत्तर आकाशाला भिडतं. त्यात वरची शक्यताही माणूस वाढला की झपाट्यानं घसरते: पाच जण असताना ५५ टक्के, सहाला २८, सातला जेमतेम १४. म्हणून पाचांत एका माणसाची भर प्रतीक्षा थेट पाव करून टाकते.

सात जण असताना प्रत्येक जण तासातली सुमारे २६ मिनिटं मोकळा असतो. हिशेबतपासनीसाला टोचतात ती हीच मिनिटं. अग्निशमन दलाचे बंब दिवसभर उभे असतात, म्हणून ते विकून टाका असं कोणी म्हणत नाही.

मोकळ्या माणसांचं मोल लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या धर्मगुरूनं आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी सुरू केलेल्या सेवेतही दिसलं होतं. त्याला भेटायला आलेली माणसं ताटकळायची, तेव्हा स्वयंसेवक त्यांना चहा देऊन दोन शब्द बोलत बसायचे. बरेच जण तेवढ्यानंच मोकळे व्हायचे, त्यांना वाराची गरजच उरायची नाही. त्यातून पुढे समॅरिटन्स ही हेल्पलाइन चालवणारी संस्था उभी राहिली.

अर्लांगच्या गणितातून आणखी एक गोष्ट निघते. वरच्यासारखी, प्रत्येकी पाच माणसांची दहा केंद्रं एका नंबराखाली जोडा. भार ४०, माणसं ५०, म्हणजे प्रत्येक जण पूर्वीइतकाच, ८० टक्के वेळ, कामात. पण प्रतीक्षा ११ मिनिटांवरून साधारण १० सेकंदांवर येते! एक पैसा जास्त न खर्चता. अमेरिकेत जुलै २०२२ पासून सुरू असलेला हेल्पलाइनचा ९८८ काय किंवा भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ (मोफत, चोवीस तास) काय, देशभर एकच छोटा नंबर ठेवण्यात लक्षात राहण्याच्या सोयीपलीकडे हाही फायदा आहे. भाषेनुसार रांगा वेगळ्या कराव्या लागतात, तिथे तो थोडा कमी होतो.

माणसं वाढवण्याऐवजी दोन तोडगे सुचवले जातात. पहिला, कॉल लवकर आटपा. ब्रायन मिशारा हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १४ केंद्रांवरचे २,६११ कॉल ऐकले. नुसतं लक्षपूर्वक ऐकण्याचा चांगल्या परिणामाशी संबंध दिसला नाही. आपुलकी, आदर आणि सोबतीनं मार्ग शोधणं, याचा दिसला. हे घाईत होत नाही. शिवाय संकटातल्या १,४३१ कॉलपैकी ७२३ मध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलंच गेलं नव्हतं. विचारल्यानं डोक्यात भरवल्यासारखं होईल ही भीती निराधार आहे: २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात विचारल्यामुळे त्रास वाढला नाही.

दुसरा तोडगा म्हणजे धोक्यातली माणसं आधीच हेरणारं ॲप. पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून २०१७ साली पाहिलं, तर जोखमीच्या नेहमीच्या घटकांवरून केलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा फारसं सरस निघालं नाही. ॲप विकणाऱ्यांनी यापेक्षा बरं काही करून दाखवल्याशिवाय मी तरी त्यांच्यावर विश्वास टाकणार नाही. अमावास्या-पौर्णिमेचा दाखला देणाऱ्यांवर तर नाहीच.

वरच्या सूत्रात एक गोड गृहीतक आहे: कोणी कंटाळून फोन ठेवत नाही. प्रत्यक्षात ठेवतात. स्वीडनच्या कॉनी पाम यानं १९४० च्या दशकात हा अधीरपणाही गणितात घेतला. अर्ध्यावर फोन ठेवला की रांग आपोआप आखडते आणि अहवालात सरासरी प्रतीक्षा छान दिसते. ज्याच्यात थांबायची ताकद उरली नव्हती, तो आकडेवारीतूनच गळतो. म्हणून देणगी देताना किती कॉल घेतले एवढंच विचारू नका. किती कॉल उचलण्याआधी तुटले आणि रात्री दोन वाजता किती जण बसतात, तेही विचारा.

शिवाय अवघड कॉलनंतर समुपदेशकाला नोंदी करायला, पाणी प्यायला, जरा सावरायला वेळ लागतो. तो दहा मिनिटं धरला तर प्रत्येक कॉल तीस मिनिटांचा होतो, भार ६ होतो, आणि सात जणांची ती ५४ सेकंदांची प्रतीक्षा १८ मिनिटांवर जाते. ती पुन्हा मिनिटाच्या आत आणायला दहा माणसं लागतात.