लंडी बेटावरील जुने दीपगृह

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यापासून सुमारे 19 किमी. अंतरावर, ब्रिस्टल खाडीच्या मुखाशी असलेल्या लंडी बेटावरील वापरातून काढलेले दीपगृह. स्थानिक नाव ‘ओल्ड लाइट’. बेट ग्रॅनाइटचे, सुमारे 5 किमी. लांब व जेमतेम 1 किमी. रुंद आहे, माथा सपाट, पश्चिमेकडे ताशीव कडे. दीपगृहही ग्रॅनाइटचेच असून ते बीकन हिल या सर्वांत उंच टेकडीवर आहे.

ब्रिस्टलकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेतच हे बेट येते. तेथे स्वखर्चाने दीपगृह बांधण्याची तयारी ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी 1787 च्या सुमारास दाखविली होती. पायाचे काम सुरू झाले असावे, मात्र मनोरा उभा राहिला नाही. पुढे इंग्लंड-वेल्समधील दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेने 1819 मध्ये काम हाती घेतले. आराखडा डॅनियल अ‍ॅशर अलेक्झांडर यांचा, बांधकाम जोसेफ नेल्सन यांचे. फेब्रुवारी 1820 मध्ये दिवा लागला. मनोरा सुमारे 30 मी. उंच असला, तरी टेकडीमुळे दिवा समुद्रसपाटीपासून 160 मी.हून अधिक उंचीवर गेला. त्या काळी ब्रिटनमध्ये इतक्या उंचीवर दुसरा दिवा नव्हता. एकाच मनोऱ्यातून बेटाच्या सर्व बाजूंना उजेड पडावा, या विचाराने ही जागा निवडली असावी. तीच पुढे बाधली. खाली समुद्र स्वच्छ असतानाही माथ्यावर ढग उतरत आणि दिवा त्यांत गडप होई.

दीपगृहात दोन दिवे होते. खालचा स्थिर पांढरा, वरचा फिरता. वरच्या दिव्याच्या वर्णनांत मेळ नाही. काही ठिकाणी तो मिनिटाला एकदा चमके असे म्हटले आहे. तर तो इतक्या वेगाने फिरे, की दोन झोतांमधील अंधार जाणवतच नसे, असेही नोंदलेले आढळते. दुसरे वर्णन अधिक पटते, कारण सुमारे 5 मैलांपलीकडून दोन्ही दिवे मिळून एकच स्थिर दिवा दिसे, ही खलाशांची तक्रार त्यानेच उलगडते.

नोव्हेंबर 1828 मध्ये कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटाहून फ्रान्सच्या शेरबूर बंदराकडे निघालेले ‘ला झन एमा’ हे फ्रेंच जहाज लंडीवर आदळले. जहाजावरील 19 पैकी 13 जण दगावले; त्यांत नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी जोसेफिन हिची भाची होती, असे सांगतात. लंडीचा दिवा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताजवळील अशंट बेटाचा समजला गेला, हे अपघाताचे रूढ स्पष्टीकरण होय. ते खोटे म्हणता येणार नाही, पण अपुरे वाटते. अशंट लंडीच्या दक्षिणेस सुमारे 300 किमी. आहे. एवढी चूक केवळ एका दिव्याने होत नाही. धुकट हवेत जहाजाचा स्वतःच्या स्थानाविषयीचा अंदाज आधीच चुकला असावा आणि दिव्याने त्या चुकीवर शिक्कामोर्तब केले असावे. 1897 मध्ये या दीपगृहाच्या जागी नवे दिवे आल्यानंतरही 30 मे 1906 रोजी ‘माँटॅग्यू’ ही ब्रिटिश युद्धनौका धुक्यात लंडीच्या शटर रॉक या खडकावर चढली. आपण मुख्य भूमीवरील हार्टलँड पॉइंटशी आहोत, अशी तिच्यावरील अधिकाऱ्यांची समजूत होती.

दिवा दिसत नाही म्हणून आवाजाचा उपाय करण्यात आला. 1860 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत पश्चिम कड्यावर खाली तोफांचे ठाणे बांधले गेले. धुके असेपर्यंत दर दहा मिनिटांनी बार काढावा लागे. तोफा डागणारे गोलंदाज कुटुंबांसह तेथेच राहत. त्यांच्या घरांच्या पडक्या भिंती आणि दोन तोफा अजून जागेवर आहेत. अखेर 1897 मध्ये बेटाच्या उत्तर व दक्षिण टोकांना, निम्म्याहूनही कमी उंचीवर, दोन नवी दीपगृहे उभारून जुना दिवा बंद करण्यात आला.

दीपगृहालगतच्या दफनभूमीत लॅटिन नावे कोरलेले चार आद्य ख्रिस्ती शिलालेख आहेत. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पाचवे ते सातवे शतक मानतात. पुरातत्त्वज्ञ चार्ल्स टॉमस यांनी 1969 मधील उत्खननानंतर येथील एका थडग्याचा संबंध ब्रायकन या वेल्सच्या संतपरंपरेतील राजाशी जोडला. हे अनुमान म्हणूनच घ्यावे.

1946 मध्ये स्थापन झालेल्या लंडी फील्ड सोसायटीने काही वर्षे या इमारतीतून पक्षिनिरीक्षण केले. 1969 पासून बेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचे असून व्यवस्था लँडमार्क ट्रस्ट या दुसऱ्या संस्थेकडे आहे. दीपरक्षकांची घरे आता सुटीसाठी भाड्याने मिळतात. मनोरा पाहण्यास खुला आहे. आतील 147 दगडी पायऱ्यांचा गोल जिना चढून गेल्यावर रिकामी काचेची दीपखोली लागते. तेथे दिव्याच्या जागी आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबर या काळात बिडेफर्ड किंवा इलफ्रकूमहून ‘ओल्डनबर्ग’ ही बोट सुमारे दोन तासांत पोहोचविते. हिवाळ्यात हार्टलँड पॉइंटहून हेलिकॉप्टर असते. धक्क्यापासून माथ्यापर्यंतचा रस्ता चांगलाच चढणीचा आहे, त्यामुळे एका दिवसात परतणाऱ्याने दीपगृह आधी गाठून तोफांचे ठाणे नंतर पाहावे.