डेटाबेसचा परवाना नेमका कशावर मोजतात?

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची संकुले उभी राहिल्यापासून आपल्या मराठी मंडळींत डेटाबेस सांभाळणारे पुष्कळ झाले आहेत; तरीही सर्व्हर एक असला की परवानाही एकच लागतो, ही समजूत काही जात नाही.

ओरॅकल या डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या एंटरप्राइझ एडिशनचा, म्हणजे मोठ्या संस्थांसाठीच्या आवृत्तीचा, परवाना ‘प्रोसेसर’वर दिला जातो, परंतु करारातला प्रोसेसर म्हणजे सॉकेटमध्ये बसवलेली चिप नव्हे. एकाच चिपमध्ये अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनाविभाग, मावू लागल्यावर चिप मोजणे विक्रेत्याला परवडेना. म्हणून सर्व्हरमधले सगळे कोअर मोजायचे आणि चिपच्या जातीनुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, असा हिशेब रूढ झाला. इंटेल व एएमडीच्या नेहमीच्या सर्व्हर चिपसाठी हा गुणक ०.५, तर आयबीएमच्या अलीकडच्या पॉवर चिपसाठी १ आहे. सोळा कोअरच्या दोन इंटेल चिप असतील, तर ३२ गुणिले ०.५, म्हणजे १६ परवाने. छापील दर प्रत्येकी ४७,५०० डॉलर धरल्यास ७,६०,००० डॉलर होतात, आणि सपोर्टचे २२ टक्के, म्हणजे १,६७,२०० डॉलर, दर वर्षी निराळे. मोठे गिऱ्हाईक घासाघीस करून यात बरीच सूट मिळवते, हा भाग वेगळा.

वापरणाऱ्यांच्या संख्येवरही परवाना मिळतो, दर माणशी ९५० डॉलर. मात्र प्रत्येक प्रोसेसरमागे किमान २५ माणसे धरावीच लागतात. वरच्या सर्व्हरवर साठच जण काम करीत असले, तरी पैसे १६ गुणिले २५, म्हणजे ४०० जणांचे. मधे एखादे वेब ॲप्लिकेशन ठेवून डेटाबेसला एकच वापरकर्ता दाखवण्याची युक्तीही चालत नाही, कारण मोजणी त्या ॲप्लिकेशनच्या पलीकडे बसलेल्या माणसांची होते.

खरी मेख आभासी यंत्रांत, म्हणजे एकाच सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या निराळ्या संगणकांत आहे. व्हीएमवेअर या अशी यंत्रे उभी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चार कोअरचे आभासी यंत्र करून त्यात डेटाबेस बसवला, तरी ओरॅकलच्या धोरणानुसार ते यंत्र ज्या ज्या सर्व्हरवर सरकू शकते, त्या सर्वांचे कोअर मोजणीत येतात. गंमत म्हणजे हे धोरण आपण कराराचा भाग नसल्याचे स्वतःच सांगते, आणि ऑडिटच्या, म्हणजे ओरॅकलकडून होणाऱ्या परवान्यांच्या तपासणीच्या वेळी वाद नेमका इथेच पेटतो. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार अवश्य घालावा, पण त्याने कोअर कमी होत नाहीत.

‘क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, गेलो की कटकट संपते’ हा प्रचारही तपासून घ्यावा. ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर स्वतःचा परवाना नेल्यास, हायपरथ्रेडिंग चालू असताना, म्हणजे एक कोअर दोन आभासी सीपीयूंसारखा वापरला जात असताना, दोन आभासी सीपीयूंना एक परवाना लागतो आणि ०.५ चा गुणक लागू होत नाही. त्यामुळे त्याच ३२ कोअरना, म्हणजे ६४ आभासी सीपीयूंना, तिथे १६ नव्हे, ३२ परवाने लागतात.