माकूल, विंचू आणि कुर्ली : मज्जासंस्था कशी उमगत गेली

विंचू डसला की कोकणात पहिला प्रश्न असायचा, "कुठवर चढलाय?" चुलीसाठी लाकडं काढताना माझ्या काकूला लाल विंचू डसला, तेव्हा उतरवणाऱ्यानेही हेच विचारलं. काकूने आधी घोटा दाखवला, मग पोटरी, मग मांडी. पहाटेपर्यंत ठणका त्याच वाटेने खाली आला आणि श्रेय मंत्राला गेलं. बहुतेक दंशांत नुसती वेदनाच असते आणि ती दिवसभरात आपोआप ओसरते, हे त्या रात्री कुणाला पटलं नसतं. पण याच पट्ट्यात काहींना, त्यातही मुलांना, घामाच्या धारा लागायच्या, हातपाय गार पडायचे, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपायचा. पायाच्या बोटातला थेंबभर ऐवज फुप्फुसाशी काय करतो? या प्रश्नाचं उत्तर ज्या इतिहासातून आलं, त्यात विंचू फार उशिरा येतो.

सुरुवात बेडकापासून. इटलीत गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाची तंगडी विजेने उडवली आणि १७९१ मध्ये ते छापलं. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्याच तंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. आकडा निघाला सेकंदाला पंचवीस ते चाळीस मीटर. तारेतल्या विजेपुढे ही बैलगाडीच. म्हणजे मज्जातंतू ही नुसती तार नव्हे, तिच्यात आणखी काहीतरी घडत असतं. पुढे मेंदू हे एकसलग जाळं की सुट्या पेशींची वस्ती, यावर गोल्जी आणि काहाल या दोन शास्त्रज्ञांत वाद पेटला. गोल्जी जाळ्याच्या बाजूचा, काहाल सुट्या पेशींच्या. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जीने स्वीकारभाषणातही काहालचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. काहालचं बरोबर होतं : पेशी सुट्या.

आता बाजारातून आणलेलं माकूल, म्हणजे स्क्विड, पाटावर घ्या. आतली प्लास्टिकसारखी पात ओढून काढायची, शाईची पिशवी न फोडता आतला ऐवज बाहेर घ्यायचा आणि नळकांडं उभं चिरून उलगडायचं. आतल्या अंगाला डावी-उजवीकडे एकेक बारीक गाठ असते आणि तिच्यातून झापाच्या हिरांसारखे पांढुरके धागे पसरलेले असतात. आमच्याकडे ते बोटाने खरवडून टाकतात. या धाग्यांत माकूलाचे महातंतू असतात, काही जातींत अर्धा ते एक मिलिमीटर जाड. माणसाचा कुठलाही तंतू यांच्या जवळपास येत नाही. माकूल पाणी मागे फेकून पळतं, त्यासाठी सगळं नळकांडं एकाच क्षणी आवळलं पाहिजे. म्हणून स्नायू जितका लांब, तितका त्याच्याकडे जाणारा धागा जाड, आणि जाड धाग्यात संदेश जास्त वेगाने धावतो. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये या तंतूंकडे लक्ष वेधलं.

एवढा जाड धागा मिळाल्यावर त्याच्या आत विजेचा ताण मोजणारी तार सरकवता आली. हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या किनाऱ्यावर ते केलं. महायुद्धाने काम थांबलं, पण १९५२ मध्ये त्यांनी पूर्ण हिशेब मांडला. तंतूच्या बाहेर सोडियम जास्त, म्हणजे खाऱ्या पाण्याचाच मामला, आणि आत पोटॅशियम जास्त. ताण थोडा बदलला की तंतूच्या आवरणातली सोडियमची काही दारं उघडतात, सोडियम आत येतं, त्याने ताण आणखी बदलतो, आणखी दारं उघडतात. सड्यावरच्या वाळल्या गवताला काडी लागावी तसं. मग तीच दारं क्षणात आपणहून मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि सगळं पूर्वपदावर येतं. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. तंतूतून धावणाऱ्या संदेशाच्या लाटेसाठी सुमारे तीन आठवडे लागले. हिशेबाने लाटेचा वेग आला सेकंदाला १८.८ मीटर, माकूलात मोजलेला २१.२. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो. एकाही दाराला लाटेचा पत्ता नसतो. लाट आहे ती दारांच्या एकमेकांवरच्या परिणामाची. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

विंचवाचं विष नेमकं या दारांवर काम करतं. लाल विंचवाच्या विषामुळे सोडियमची दारं वेळेवर मिटत नाहीत. काडी विझतच नाही. हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी सांभाळणारे स्वायत्त तंतू पुन्हा पुन्हा पेटतात. आधी घाम, लाळ, उलट्या. मग अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याचं भावंड नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, या घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या रसायनांचा पूर. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला त्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, ते थकतं आणि पाणी फुप्फुसात साठतं. गुलाबी फेस तो हाच. म्हणजे विष 'चढत' नसतं. रक्तातून पसरलेल्या विषापेक्षा शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद जीव घेतो.

हे पेशंटच्या खाटेशी बसून ओळखलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. दंशानंतरची हृदयाच्या बिघाडाची पूर्वचिन्हं टिपणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानंतर त्यांनी वापरलं प्राझोसिन, रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती अडकलेल्या दाराला हात लावत नाही. रक्तवाहिन्यांवर अ‍ॅड्रेनॅलिनची भावंडं जिथे पकड घेतात ती जागा अडवते. बिघाड एका ठिकाणी, उपाय भलत्याच ठिकाणी, कारण साखळी कुठे तोडता येते ते आधी कळलं होतं. गंभीर दंशातले ३० ते ४० टक्के मृत्यू १ टक्क्याच्या आसपास आले. आता विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही सोबत देतात. दोन्ही मिळून रुग्ण लवकर सावरतो, हे बावस्करांनीच २०११ मध्ये दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग सगळे भाग माहीत झाले की सगळं कळतं का? १९८६ मध्ये एका इवल्या कृमीच्या ३०२ चेतापेशींचा पूर्ण नकाशा छापून झाला. तरी तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे नकाशा सांगत नाही. कारण कळलं ते कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पोटात. कुर्लीच्या जठरालाच दात असतात आणि ते हलवणारी गाठ अवघ्या पंचवीस-तीस पेशींची. अमेरिकेतल्या ईव्ह मार्डर यांनी त्या गाठीवर आयुष्य घालवलं. २००४ मध्ये त्यांच्या गटाने अशा जाळ्याच्या २ कोटींहून जास्त प्रतिकृती संगणकावर चालवल्या, तेव्हा अगदी वेगवेगळ्या जोडण्यांतूनही तोच ताल निघालेला दिसला. पुढे खऱ्या कुर्ल्यांना ऊब दिली. गार पाण्यापासून तेवीस अंशांपर्यंत वेग वाढला, ताल तोच राहिला. त्यापुढे मात्र प्रत्येक कुर्ली आपापल्या पद्धतीने कोलमडली. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या, आतून निराळ्या.

विंचवाच्या पेशंटचं असंच असतं. एकाला नुसता घाम, दुसऱ्याचा रक्तदाब भडकलेला, तिसऱ्याचा घसरलेला. म्हणून बावस्करांच्या पद्धतीत गोळ्यांची संख्या आधी ठरत नाही. दर तीन तासांनी गोळी द्यायची आणि पेशंटच्या पायाला हात लावून बघायचा : उबदार झालाय का, कोरडा झालाय का?