स्वेटरच्या काठात इलॅस्टिक नसतं, मग तो ताणतो कसा?

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की दोन-चार दिवसांत विणकामाचे फायदे सांगणारे फॉरवर्ड सुरू होतात. विणल्याने बीपी उतरतं, स्मरणशक्ती वाढते, मेंदूचे दोन्ही भाग म्हणे एकदम चालू होतात, वगैरे. त्याबद्दल पुढे बोलूच, पण मला गंमत याची वाटते की सगळे विणणाऱ्याच्या डोक्याबद्दल बोलतात आणि हातात जे तयार होतंय त्याच्याकडे कोणी बघत नाही. आणि खरी भारी गोष्ट तिथेच आहे.

स्वेटरच्या मनगटाशी आणि कमरेशी जो घट्ट काठ असतो, त्यात इलॅस्टिक घातलेलं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. हाताने विणलेल्या स्वेटरमध्ये ते नसतं. पाठीला जी लोकर तीच काठाला, फक्त सुया थोड्या बारीक, म्हणजे अंग १० नंबरवर विणलं तर काठ १२ नंबरवर (आपल्याकडे नंबर उलटा चालतो, मोठा नंबर म्हणजे बारीक सुई. १० नंबर साधारण सव्वातीन मिलिमीटर, १२ नंबर पावणेतीन). मग हात आत घालताना इतका रुंद होणारा काठ परत येऊन मनगटाला बसतो तो कशाच्या जोरावर?

लोकरीच्या जोरावर, असं म्हणाल तर जरा थांबा. अंगातला टी-शर्ट बघा. सुती आहे, तिरुपूरहून आला असेल कदाचित, आणि सुताचा धागा काही ताणणारा धागा नाही. त्याच सुताची चादर ओढून बघा, हलत नाही. धागा तोच, मग एक कापड ताणतं आणि दुसरं नाही, म्हणजे उत्तर धाग्यात नाहीच, धागा कसा गुंतवलाय त्यात आहे. चादर मागावर होते, उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून जातात, पैठणी असो नाहीतर धनगरी घोंगडी, तत्त्व तेच. धाग्याच्या दिशेने ओढलं तर धाग्यालाच लांब व्हावं लागतं आणि तो होत नाही. उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं तर मात्र थोडं ताणतं, कारण चौकोनांचे तिरके चौकोन होतात, हे शिवणकाम करणाऱ्यांना माहीत आहेच. टी-शर्ट, बनियन, मोजे, लेगिंग्ज हे सगळं मात्र सुयांवरचं विणकाम आहे, फक्त सुया मशीनच्या.

आता टाका म्हणजे काय ते बघू. सुईवर एक फास असतो, त्यातून नवा फास ओढून घ्यायचा, जुना सोडून द्यायचा. झालं. हजारो वेळा तेच. एकही गाठ नाही, म्हणून तर शेवटचं टोक सोडवून ओढलं की अख्खा स्वेटर परत गोळा होऊन हातात येतो, आणि एक टाका सुईवरून निसटला की फक्त त्याच उभ्या रांगेत शिडी पडत खाली जाते, कारण प्रत्येक टाक्याला त्याच्या वरच्या टाक्याने धरून ठेवलेलं असतं. एका टाक्याला दोन पाय असतात, ते इंग्रजी व्हीसारखे दिसतात, वर डोकं असतं, म्हणजे कमान, आणि खाली शेजारच्या टाक्याला जोडणारी तशीच उलटी कमान. या वळणांमध्ये भरपूर धागा लपलेला असतो. टाके बंद करताना रुंदीच्या साधारण तिप्पट धागा ठेवायचा हा विणणाऱ्यांचा अंदाज तिथूनच येतो.

कापड आडवं ओढलं की काय होतं? पायांमधला धागा सरकून कमानींमध्ये जातो. व्ही फाकतो, बुटका होतो. म्हणून कापड रुंद होतं आणि त्याच वेळी उंचीला कमी होतं (स्वेटरचा तुकडा हातात धरून करून बघा, लगेच दिसतं). धाग्याची लांबी जवळपास तेवढीच, फक्त आकार बदलला. आणि सोडलं की परत का येतं, तर वाकवलेल्या धाग्याला सरळ व्हायचं असतं. प्रत्येक टाका म्हणजे वाकवलेली एक बारीकशी स्प्रिंग, आणि शेजारचे टाके त्याला पूर्ण सरळ होऊ देत नाहीत. सगळ्यांची ओढाताण जिथे बरोबरीत सुटते तो स्वेटरचा नेहमीचा आकार.

इथे थोडं गणित येतं, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या. धागा वाकवताना त्यात जी ऊर्जा साठते ती वक्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे वळणाची त्रिज्या निम्मी केली तर दर सेंटीमीटर धाग्यामागे ऊर्जा चौपट. बारीक सुईवर फास लहान होतो, वळण जास्त तीव्र, म्हणून कापड जास्त ताठ, आणि काठाला १२ नंबरची सुई घेण्यामागचं कारण हेच आहे, आजीने ते वर्गाचं प्रमाण न मांडता शोधलेलं. २०१८ मध्ये पॅरिसमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी अशा कापडाचं मॉडेल मांडलं ते फक्त तीन गोष्टींवर उभं आहे: धागा वाकवायला लागणारी ऊर्जा, धाग्याची न बदलणारी एकूण लांबी, आणि कोण कोणातून गेलाय हे कापड ओढल्याने बदलत नाही हे बंधन. यात घर्षण मिसळलं की प्रकरण अवघड होतं, कारण धागा धाग्यावर अडकतो आणि कापड मूळ जागी पूर्ण न येता मधेच कुठेतरी थांबतं. कोपराशी स्वेटर लोंबतो तो त्यामुळेही, आणि धुतल्यावर बराच जागेवर येतो तो पाण्यात धाग्यांची एकमेकांवरची पकड सैल होते म्हणून.

पण एवढ्याने काठाचं कोडं सुटत नाही, कारण टाके तर पाठीलाही आहेत, आणि पाठ काठाइतकी ताणत नाही. यासाठी एक जुना टी-शर्ट बळी द्यावा लागेल. तळाची शिवण कापून टाका आणि कापलेली कड हलकेच ओढा. ती बाहेरच्या बाजूला गुंडाळायला लागते. आता उभा छेद द्या, ही कड आतल्या बाजूला वळते. एकच कापड, एक कड पुढे, एक मागे. हे शोधून काढायला प्रयोगशाळा लागत नाही, तरी किती वर्षं आपण टी-शर्ट घालतो आणि फरशी पुसायला फाडतो, पण बघत नाही!

कारण असं आहे. टाका सपाट नसतो. सुलट बाजूने, म्हणजे जिकडे व्ही दिसतात तिकडून, बघितलं तर पाय पुढे असतात आणि दोन्ही कमानी मागे गेलेल्या असतात. उभ्या दिशेने धागा खालच्या कमानीत मागे, पायांत पुढे, वरच्या कमानीत पुन्हा मागे, म्हणजे पुढे फुगलेला धनुष्याचा बाक झाला. त्या बाकाला सरळ व्हायचंय, सरळ होताना त्याची वरची-खालची टोकं पुढे येतात, म्हणून वरची-खालची कड पुढे गुंडाळते. आडव्या दिशेने उलटं: दोन पाय पुढे आणि त्यांना जोडणारी कमान मागे, म्हणजे बाक मागे फुगलेला, तो सरळ व्हायला गेला की बाजूच्या कडा मागे जातात. कापडाला एकाच वेळी एका दिशेने पुढे आणि दुसऱ्या दिशेने मागे वळायचंय, घोड्याच्या खोगिराचा आकार. मोठ्या कापडाला ते न ताणता जमत नाही, म्हणून मधला भाग गप सपाट राहतो आणि हट्ट फक्त कडांना करता येतो.

(खोगिरावरून आठवलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाच्या सुईने असा सगळीकडे खोगिरासारखा वळणारा पृष्ठभाग विणला, प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत. त्याला हायपरबोलिक पृष्ठभाग म्हणतात, त्याच्यावर समांतर रेषांचे शाळेत शिकलेले नियम चालत नाहीत, आणि त्याआधी लोक तो कागदाच्या पट्ट्या चिकटवून करायचे, ज्या हाताळताना फाटायच्या. क्रोशाचा टीव्हीवरचा रुमाल विणताना टाके जास्त वाढले की कडेला झालर पडते ना, त्या झालरीचं हे नीट हिशेब ठेवून केलेलं रूप.)

आता काठ. काठ म्हणजे एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर सुलट, उलटावर उलट. उलटा टाका म्हणजे वेगळा टाका नाहीच, तोच टाका मागच्या बाजूने. म्हणजे सुलट टाक्यांच्या उभ्या रांगेला आपल्या दोन्ही बाजू मागे न्यायच्यात आणि शेजारच्या उलट रांगेला आपल्या बाजू पुढे न्यायच्यात. दोघींचं मस्त जमतं! कापड हार्मोनियमच्या भात्यासारखं घड्या घालून बसतं, सुलट रांगा पुढे येतात, उलट रांगा मागे लपतात. म्हणून न ताणलेला काठ दोन्ही बाजूंनी सगळा सुलटच दिसतो. ओढलं की आधी घड्या उघडतात, त्याला फारसा जोर लागत नाही, मग व्ही फाकायला लागतात, मग मात्र जोर लागतो. सोडलं की प्रत्येक रांग आपापल्या बाकाकडे परत. हे तुमचं इलॅस्टिक. रबराचा कण नाही.

हाच खेळ नव्वद अंशात फिरवला, म्हणजे दोन्हीकडून सगळ्या ओळी सुलट विणल्या, तर आडव्या घड्या पडतात आणि कापड लांबीला ताणतं. आणि बुद्धिबळाच्या पटासारखी सुलट-उलट अदलाबदल केली तर दाणेदार कापड होतं, ज्याच्या कडा वळतच नाहीत. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये एलिझाबेटा मात्सुमोतो यांच्या गटाने २०२४ मध्ये नेमके हे चार प्रकार (सपाट, काठ, लांबीला ताणणारा आणि दाणेदार) प्रयोग आणि सिम्युलेशन दोन्ही करून तपासले. याच्यावरून आता मऊ रोबोट आणि स्मार्ट कपड्यांच्या बातम्या येतात, त्यातलं किती बाजारात येईल ते येईल, पण सुलट-उलटच्या जागा बदलून एकाच धाग्यापासून हवं तसं वागणारं कापड करता येतं, एवढं पक्कं आहे. ते विणणाऱ्या बायका रोज करतच होत्या.

चित्र काढणाऱ्यांसाठी यात एक खाचखळगा आहे. स्वेटरवर बदक किंवा फूल काढायचं तर आधी आलेख कागदावर चौकोन रंगवायचे, एक चौकोन म्हणजे एक टाका. पण टाका चौकोनी नाही, उंचीपेक्षा रुंद आहे. समजा १० सेंटीमीटरमध्ये आडवे २२ टाके आणि उभ्या ३० ओळी बसतात. तुमचं कागदावर २२ बाय २२ चौकोनांत काढलेलं गोल मटोल बदक लोकरीत १० सेंटीमीटर रुंद आणि ७.३ सेंटीमीटरच उंच होतं, गाडीखाली आल्यासारखं. उपाय सोपा, आधी छोटा तुकडा विणून टाके-ओळी मोजायच्या आणि त्या प्रमाणात आडव्या चौकटी आखून मग चित्र काढायचं. थंडीच्या संध्याकाळी मुलांना घेऊन बसायला हे गुणोत्तराचं गणित चांगलं आहे, पुस्तकातल्या नळ आणि टाकीपेक्षा नक्कीच.

आता ते फॉरवर्ड. सगळं खोटं नाहीये, हे आधी सांगतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ६५८ तरुणांनी १३ दिवस रोज नोंद ठेवली, ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त काहीतरी निर्मितीचं काम झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांना जास्त उत्साही वाटत होतं, आणि उलट दिशेचं नातं, म्हणजे आज उत्साह म्हणून उद्या निर्मिती, हे दिसलं नाही. हे मला बऱ्यापैकी पटतं. दुसरीकडे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या २०११ च्या अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या लोकांमध्ये विणकाम, गोधडीकाम अशी हस्तकला करणाऱ्यांत स्मरणशक्तीची सौम्य तक्रार कमी आढळली. पण त्यावरून विणल्यामुळे आजार टळला असं म्हणता येत नाही, कारण ज्यांची स्मृती आधीच डळमळायला लागलीय ते टाके मोजणं सोडूनच देणार ना! फॉरवर्डमध्ये हे वाक्य कधीच नसतं. गोळ्या चालू असतील तर चालू ठेवा आणि विणायचंय म्हणून विणा.

आणि एक राहिलंच, ग्रहणात गरोदर बाईने सुई हातात घ्यायची नाही, नाहीतर बाळाला व्यंग येतं. चंद्राची किंवा पृथ्वीची सावली पडण्याचा आणि पोटातल्या बाळाच्या ओठांचा काडीचाही संबंध नाही. उलट ग्रहण दोन-तीन तास चालतं, तेवढ्यात एक टोपडं बरंच पुढे जातं.

बाकी लोकर "गरम" असते हेही अर्धवटच. स्वेटरच्या घडीत थर्मामीटर ठेवला तर तो खोलीचंच तापमान दाखवतो, आणि बर्फ स्वेटरमध्ये गुंडाळला तर उशिरा वितळतो. काम करते ती अडकलेली हवा, उष्णता वाहून नेण्यात ती पाण्यापेक्षा वीसपटीहून जास्त सुस्त आहे. फक्त खरी लोकर हवेतला ओलावा शोषताना थोडी उष्णता सोडते, ॲक्रिलिक जवळजवळ नाहीच.

दुकानात लोकर म्हणून जे गोळे मिळतात त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिकचेच असतात, तेव्हा काठाला इस्त्री लावायच्या आधी लेबल बघा. तापवलेलं ॲक्रिलिक मऊ पडतं आणि थंड होताना दाबलेल्याच आकारात गोठतं, वळलेल्या धाग्याला मग तेच वळण सरळ वाटायला लागतं, सरळ व्हायची ओढ संपली की भाता बंद होत नाही, आणि धुऊनही तो काठ परत आवळत नाही. खऱ्या लोकरीला वाफ चालते, ओलं करून सपाट वाळत घाला, दोरीवर लटकवू नका.