फॉरेन्सिक अँथ्रोपोमेट्री: अंगाच्या मापांवरून ओळख

अंगाची किंवा हाडांची मापं घेऊन हा माणूस कोण असावा याचा माग काढायचा, याला फॉरेन्सिक अँथ्रोपोमेट्री म्हणतात. मराठीत शब्द आहे मानवमिती, पण मुंबईत पोलीस स्टेशनला किंवा शवागारात तो कोणी बोलत नाही, तिथे "हाइट किती, बांधा कसा" एवढंच विचारतात. आधीच सांगून ठेवतो की मापं नाव सांगत नाहीत, यादी लहान करतात. नाव पक्कं होतं ते बोटांच्या ठशांवरून, दातांवरून नाहीतर डीएनएवरून.

सुरुवात पॅरिसची. आल्फाँस बर्टिलाँ तिथल्या पोलिसात १८७९ साली कारकून म्हणून लागला. पकडलेला माणूस दरवेळी वेगळं नाव सांगायचा, मग जुना गुन्हेगार ओळखायचा कसा? त्याने ११ मापं ठरवली: उंची, बसलेली उंची, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, उजवा कान, डावं पाऊल, डाव्या हाताची बोटं वगैरे. १८८३ मध्ये याच मापांवरून पहिला जुना आरोपी सापडला. आपल्याकडे बंगाल पोलिसांनी ही पद्धत १८९०च्या दशकात घेतली, पण मोजणारा बदलला की आकडा बदलायचा, वयात येणाऱ्या पोरांची मापं तर वर्षभरात जुनी व्हायची, म्हणून १८९७ साली कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो निघाला आणि मापं मागे पडली. बर्टिलाँची दुसरी सवय मात्र अजून जिवंत आहे, चेहऱ्याचं ठरावीक शब्दांत वर्णन लिहायचं. स्टेशनबाहेरच्या बोर्डावर "बेवारस मृतदेहाची ओळख पटविण्याबाबत" असा कागद असतो ना, त्यात "रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, नाक सरळ" असं असतं, ते त्याच वळणाचं.

मुंबईत या शास्त्राची खरी गरज इथेच पडते. लोकलच्या रुळांवर, खाडीत, फुटपाथवर सापडलेले कितीतरी देह बेवारस राहतात, आणि त्यातल्या प्रत्येकाची कुठेतरी घरी वाट बघत असतात. चेहरा शाबूत असेल तर फोटो चालतो. नुसती हाडं उरली असतील तर ती न्यायवैद्यक किंवा शरीररचना विभागाच्या डॉक्टरांकडे जातात, डीएनएचं काम कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत होतं.

उंचीसाठी सगळ्यात भरवशाचं मांडीचं हाड, फीमर. लाकडी फळीला एका टोकाला उभी पट्टी पक्की असते, दुसरी सरकती, मध्ये हाड आडवं ठेवून मोजायचं. समजा ४५ सेंटीमीटर आलं. ट्रॉटर आणि ग्लेसर या अमेरिकन अभ्यासकांच्या १९५२च्या गोऱ्या पुरुषांच्या सूत्रात २.३८ ने गुणून ६१.४१ मिळवायचे, उत्तर साधारण १६८.५, आणि चूक अधिक-उणे ३.२७. म्हणजे १६५ पासून जवळजवळ १७२ पर्यंत काहीही! दादरला एका डब्यातून उतरणारे किती पुरुष या मापात बसतील, विचार करा. म्हणून उंचीबरोबर कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष, आणि हाडांची टोकं मधल्या दांड्याला जुळून एक झाली आहेत की नाही यावरून वय, असं सगळं एकत्र बघावं लागतं.

आणि मुळात ही सूत्रं आपली नाहीतच, ती अमेरिकन सैनिकांच्या आणि तिथल्या जपून ठेवलेल्या सांगाड्यांच्या मापांवरची आहेत. आपल्याकडे १९२४ साली पॅन या अभ्यासकांनी बंगाल-बिहार-ओरिसाकडची सूत्रं दिली, पुढे इतर प्रांतांवरही काम झालं, पण कोकणातल्या माणसाला पंजाबचं सूत्र लावलं तरी आकडा हलतोच. माझ्या मते सूत्र कोणत्या लोकांवरचं वापरलं हे प्रत्येक रिपोर्टमध्ये ठळक लिहिलं पाहिजे. मोजण्यातली चूक तर मोठमोठ्यांकडूनही होते: ट्रॉटरबाईंनी नडगी मोजताना घोट्याकडचं टोक धरलंच नव्हतं हे कित्येक वर्षांनी लक्षात आलं, त्यामुळे पूर्ण हाड मोजून तेच सूत्र लावलं की उंची अडीच-तीन सेंटीमीटर जास्त यायची. शिवाय जिवंत माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटीमीटरभर बुटका असतो आणि मृतदेह आडवा मोजला की दोनेक सेंटीमीटर लांब भरतो.

सीसीटीव्हीवरूनही उंची काढतात, माणूस जिथून गेला तिथल्या खांबाचं किंवा दाराचं माप घेऊन, पण चपलेची टाच आणि पोक काढून चालायची सवय हिशेबात धरावी लागते.

कायद्यात १९२०चा कैदी ओळख कायदा जाऊन २०२२चा दंड प्रक्रिया ओळख कायदा आला. त्यात "मापं" या शब्दात ठसे, फोटो, डोळ्यांची बुबुळं, रक्ताचे नमुने, सही सगळं येतं आणि नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात.

मिसिंगची तक्रार देताना घरचे उंची बहुतेक अंदाजाने सांगतात, "माझ्या खांद्याएवढा" वगैरे. तिथे भरतीच्या वेळी मोजलेली उंची, शिंप्याकडचं पँटचं माप, चपलेचा नंबर, जुन्या फ्रॅक्चरचा एक्स-रे असं काहीही घरात असेल तर ते बरोबर न्यावं, कारण फळीवर मोजलेल्या हाडाशी ताडून बघायला समोर एवढंच असतं.