ध्वजदिन, सशस्त्र सेना

सैनिक, माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या कल्याणासाठी भारतात दरवर्षी ७ डिसेंबरला पाळला जाणारा निधिसंकलनाचा दिवस. १९४९ पासून तो पाळला जातो. देणगीदाराला लाल, गडद निळा व फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा छोटा कागदी ध्वज देतात. लाल रंग भूसेनेचा, गडद निळा नौदलाचा आणि फिकट निळा हवाई दलाचा. नावात ‘ध्वज’ असल्याने हा दिवस राष्ट्रध्वजाचा असावा असा समज पुष्कळदा होतो. तो बरोबर नाही. राष्ट्रध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला; ध्वजदिनातील ध्वज म्हणजे वर्गणी दिल्याची खूण होय. सेनादलांचे आपापले दिन (भूसेना १५ जानेवारी, नौदल ४ डिसेंबर, हवाई दल ८ ऑक्टोबर) त्या त्या दलाच्या इतिहासातील घटनांच्या स्मरणासाठी आहेत. ध्वजदिनाचा रोख मात्र पहिल्यापासून घराकडे आहे : मागे राहिलेली पत्नी, मुले, म्हातारे आईबाप आणि जायबंदी होऊन परतलेला माणूस.

उगम : रस्त्यात थांबवून वर्गणी घ्यायची आणि देणाऱ्याच्या छातीवर काहीतरी टोचायचे, ही रीत ब्रिटनमधून आली याबद्दल दुमत नाही. ती कोणत्या वाटेने आली, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. तीन मूळे सांगितली जातात.

पहिले गुलाबाचे. राजा सातवा एडवर्ड याची डॅनिश राणी अलेक्झांड्रा हिच्या ब्रिटनमधील आगमनाला पन्नास वर्षे झाली म्हणून जून १९१२ मध्ये लंडनमध्ये कृत्रिम गुलाब विकून रुग्णालयांसाठी पैसा जमवण्यात आला. फुले अपंग मुलींनी बनवलेली होती. सैन्याशी या दिवसाचा काही संबंध नव्हता, पण एक दिवस, एक खूण, रस्त्यावर उभ्या स्वयंसेविका आणि हातात डबा हा सगळा साचा तेथे तयार झालेला दिसतो.

दुसरे मूळ ध्वजाचे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर महिन्याभरात, सप्टेंबर १९१४ मध्ये, ग्लासगो शहरात अ‍ॅग्नेस मॉरिसन यांनी कागदी ध्वज विकून सैनिक व खलाशी यांच्या कुटुंबांसाठी निधी उभा केला. ‘ध्वजदिन’ हा शब्दप्रयोग तेथूनच रूढ झाला, असे सर्वसाधारणपणे मानतात. पुढे दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा ध्वजदिन निघू लागला आणि लोक इतके कावले की रस्त्यावरील वर्गणीवर नियंत्रण आणण्यासाठी १९१६ मध्ये ब्रिटिश संसदेला कायद्यात तरतूद करावी लागली.

तिसरे मूळ पॉपीचे, आणि भारताच्या दृष्टीने तेच सर्वांत जवळचे. पॉपी हे खसखशीच्या कुळातील रानटी लाल फूल. अफूच्या झाडाशी त्याची गल्लत करू नये. बेल्जियम व उत्तर फ्रान्समध्ये तोफगोळ्यांनी उकरलेल्या जमिनीत ते मोठ्या प्रमाणावर उगवले. कॅनडाचे लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांच्या डिसेंबर १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेने ते सैनिकांच्या थडग्यांशी कायमचे जोडले गेले. फुलाचा बिल्ला करण्याचे श्रेय मात्र दोघींमध्ये वाटले जाते. अमेरिकेतील मॉयना मायकेल यांनी ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या दोन दिवस आधी, न्यूयॉर्कमध्ये रेशमी पॉपी विकत घेऊन परिचितांना वाटल्या. अमेरिकी लेखनात त्यांचे नाव पुढे असते. फ्रान्सच्या अ‍ॅना गेरँ यांनी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या भागातील विधवा व अनाथ मुलांकडून कापडी पॉपी करवून घेतल्या आणि दोस्त राष्ट्रांत त्या ठरावीक दिवशी विकण्याची योजना मांडली. ती घेऊन त्या १९२१ मध्ये लंडनला गेल्या आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये पहिला पॉपी दिन झाला. प्रतीक मायकेल यांचे आणि दिवस गेरँ यांचा, अशी विभागणी करणे रास्त वाटते. १९२२ पासून लंडनमध्ये जायबंदी माजी सैनिकच या पॉपी बनवू लागले. त्यामुळे मदत घेणारा आणि खूण बनवणारा एकच झाला. भारतीय ध्वजदिनात हा भाग आला नाही.

स्वातंत्र्यापूर्वी भारतातही ११ नोव्हेंबरला कागदी पॉपी देऊन वर्गणी घेतली जाई. छावण्या, सरकारी कचेऱ्या आणि शहरांतील उच्चभ्रू वस्ती हे तिचे क्षेत्र. जमलेल्या पैशाचा विनियोग ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती होता आणि त्यातला वाटा ब्रिटिश माजी सैनिकांकडेही जाई. हा सल शेजारच्या श्रीलंकेत अधिक उघडपणे व्यक्त झाला. पॉपीचा पैसा परदेशी जातो म्हणून तेथे १९३१ मध्ये स्थानिक माजी सैनिकांसाठी त्याच दिवशी ‘सुरिया’ची फुले विकण्यास प्रारंभ झाला आणि १९३३ पासून डाव्या तरुणांनी त्याची साम्राज्यविरोधी चळवळ केली. सुरिया म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरचे भेंडीचे झाड, परस पिंपळ. भारतात अशी पर्यायी फुलाची चळवळ झाली नाही. येथे फूलच गेले आणि ध्वज आला.

पहिल्या महायुद्धातील देशी उपक्रमही या पूर्वपीठिकेत मोडतात. मुंबई इलाख्यातील युद्ध साहाय्य निधीच्या महिला शाखेने आघाडीवरील शिपायांसाठी कपडे व इतर वस्तू पाठवल्या. डिसेंबर १९१७ मध्ये ‘अवर डे’ या नावाने देशभर मोठी वर्गणी झाली. मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी मुंबईत जायबंदी सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरी तांत्रिक संस्था निघाली. ती पुढे खडकीला गेली आणि आजही चालू आहे. १९१९ मध्ये सरकारी पातळीवर इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. त्याचेच आजचे रूप केंद्रीय सैनिक बोर्ड.

मराठेशाहीतील ‘बालपरवेशी’चा उल्लेख येथे करायला हवा, कारण काही लेखक ध्वजदिनाची परंपरा तेथपर्यंत नेतात. लढाईत पडलेल्या माणसाच्या अज्ञान मुलांच्या पोषणासाठी जी नेमणूक दिली जाई, ती बालपरवेशी. पेशवेकालीन कागदपत्रांत हा शब्द येतो. पण ती सरकारची नेमणूक होती, लोकांची वर्गणी नव्हे. दोहोंमागील कर्तव्यभावना एक असेल. व्यवस्था एक म्हणता येणार नाही.

संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २८ ऑगस्ट १९४९ रोजी ७ डिसेंबर हा दिवस दरवर्षी पाळण्याचे ठरवले. बलदेवसिंग तेव्हा संरक्षणमंत्री होते. ही तारीख १९४९ पूर्वीच्या कोणत्याही गाजलेल्या भारतीय लढाईशी निगडित नाही. जपानने १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला केला तो दिवसही ७ डिसेंबरच, पण हा योगायोग समजावा. एकूण पाहता बाह्य रूप १९१४ च्या ध्वजाचे आणि यंत्रणा पॉपी दिनाची, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. नवी गोष्ट एकच होती : पैसा कोणासाठी आणि तो कोण खर्च करणार, हे बदलले.

खूण : ध्वज दोन प्रकारचे असतात, खिशाला लावण्याचा छोटा आणि मोटारीच्या काचेला किंवा पुढच्या दांडीला लावण्याचा मोठा. छोटा ध्वज पूर्वी टाचणीने लावत. वर्गात गुरुजी पेटी घेऊन फिरत, नाणे पडल्याचा आवाज झाला की हातावर ध्वज ठेवत, आणि संध्याकाळपर्यंत निम्मे ध्वज मैदानात पडलेले असत. अलीकडे मागे गोंद असलेला ध्वज येतो; तो शर्टापेक्षा वहीच्या वेष्टनावर किंवा दुचाकीच्या टाकीवर अधिक दिसतो. ध्वज म्हणजे एका परीने पावतीच, फक्त तीवर रक्कम लिहिलेली नसते. दहा रुपये देणारा आणि दहा हजार देणारा यांच्या छातीवर सारखाच कागद लागतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य.

निधी : या दिवसाची तीन उद्दिष्टे सांगितली जातात : युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील सैनिक व त्यांच्या कुटुंबांचे कल्याण आणि माजी सैनिकांचे पुनर्वसन. तिसऱ्या उद्दिष्टाचे महत्त्व सहसा लक्षात येत नाही. सेना तरुण राहावी म्हणून बहुतेक जवानांना पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त केले जाते. सरकारी निवेदनांत हा आकडा दरवर्षी सुमारे ६०,००० दिलेला असतो. मुले शाळेत, घर अर्धवट बांधलेले आणि नोकरी संपलेली, अशा वयात ही माणसे गावी परततात.

१९९३ मध्ये निरनिराळे निधी एकत्र करून ‘सशस्त्र सेना ध्वजदिन निधी’ उभारण्यात आला. युद्धात बळी पडलेल्यांचे कुटुंबीय, जायबंदी व माजी सैनिक यांच्यासाठीचा एकत्रित विशेष निधी, जुना ध्वजदिन निधी, अंध सैनिकांशी निगडित सेंट डन्स्टन व केंद्रीय सैनिक बोर्डाचा निधी आणि गुरखा माजी सैनिकांचा निधी हे त्यात विलीन झाले. संरक्षणमंत्री व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात. निवृत्तिवेतन नसलेल्या वृद्ध माजी सैनिकांना व विधवांना निर्वाहासाठी मदत, मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, औषधोपचार या कारणांसाठी अनुदान मिळते. कण्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी खडकी व मोहाली येथे असलेल्या केंद्रांनाही या निधीतून साहाय्य दिले जाते. देणगीवर आयकरात सवलतीची तरतूद आहे.

महाराष्ट्रात : संकलनाचे काम पुण्यातील सैनिक कल्याण विभाग आणि त्याखालील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये करतात. जिल्हाधिकारी संकलनाचा प्रारंभ करतात, त्या कार्यक्रमात वीरनारी, वीरमाता व वीरपिता यांचा सत्कार होतो आणि मागील वर्षी इष्टांक ओलांडणाऱ्या कचेऱ्यांना स्मृतिचिन्हे दिली जातात. ‘इष्टांक’ या शब्दातच येथील पद्धतीचा स्वभाव दिसतो. प्रत्येक जिल्ह्याला रक्कम ठरवून दिली जाते, जिल्हा ती खात्यांना वाटून देतो आणि खाते कर्मचाऱ्यांना. त्यामुळे पैसा खात्रीने जमतो. मात्र रस्त्यावरचा अनोळखी माणूस थांबून वर्गणी देतो, हा मूळ प्रकार जवळजवळ नाहीसा झाला असून ७ डिसेंबर ही सामान्य नागरिकांपेक्षा सरकारी नोकरांना अधिक परिचित तारीख झाली आहे. ‘वीरपत्नी’ आणि ‘वीरनारी’ हे दोन्ही शब्द सरकारी कागदांत आढळतात. दुसऱ्याचा वापर वाढत आहे.

सैनिकांच्या मुलामुलींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली वसतिगृहे हे या व्यवस्थेचे सर्वांत डोळ्यांत भरणारे फलित. वडील सीमेवर, आई खेड्यात शेत सांभाळते आणि मूल तालुका सोडून शिकायला येते, अशा घरांचा तो आधार आहे. सैनिकी परंपरेची गावे पश्चिम महाराष्ट्रात अधिक आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि त्याचा स्मृतिस्तंभ गावात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळीने हा लौकिक गावाच्या नावातच घेतला आहे. अशा गावांत ध्वजदिनाची वर्गणी मागायला येणारा आणि देणारा दोघेही बहुधा माजी सैनिकच असतात.

अन्य रूपे : युद्धकाळात वर्गणीला उधाण येते आणि ती ध्वजदिनाच्या चौकटीत मावत नाही. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर राष्ट्रीय संरक्षण निधी स्थापन झाला. स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिल्याच्या आठवणी त्या पिढीतील घराघरांत सांगितल्या जात. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हा वाक्प्रचार मराठीत रुजला. १९९९ च्या कारगिल युद्धातही शाळा, गणेश मंडळे व बँका यांनी निधी जमवला. निवृत्त होऊन येणाऱ्या जवानाची उघड्या जीपमधून गुलाल उधळत, ढोल-ताशांच्या गजरात मिरवणूक काढण्याची रीत अलीकडची आहे. सुट्टी संपवून जाणाऱ्याला मात्र कोणी वाजतगाजत पोचवत नाही. नाव व नंबर रंगवलेली काळी पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढते, आई दही हातावर ठेवते आणि गाडी सुटते.

राख्या व दिवाळीचा फराळ सीमेवर पाठवण्याचा उपक्रम महाराष्ट्रातील अनेक शाळा व मंडळे करतात. सैनिकाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. युनिटच्या नावापुढे ‘५६ ए.पी.ओ.’ (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा पूर्वेकडील तुकड्यांसाठी ‘९९ ए.पी.ओ.’ एवढेच लिहितात आणि पुढची वाट लष्करी टपाल ठरवते. पार्सल किती दिवसांनी पोचेल याचा नेम नसल्याने अनुभवी बायका त्यात शंकरपाळे, चकली आणि कोरडा चिवडा घालतात. करंज्या फुटतात आणि ओल्या नारळाच्या वड्या आंबतात, म्हणून त्या घरीच राहतात.